धोंड्याच्या महिन्यातलं तेल

बाबा, आपला टेम्पो वाचला. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर बाकीचं ऐकायला तू थांबणार नाहीस. उठून अंगणात जाशील, सीट उचलशील आणि खालच्या इंजिनावर हात ठेवून बघशील. गेल्या महिन्यात ते इंजिन जाता जाता राहिलं. गेलं असतं तर काकाचं काम गेलं असतं, आणि आता माझा पगार येत असला तरी घराचा मोठा भार अजून त्या टेम्पोवरच आहे. आपल्या गास गावातली जमीन आहे तेवढीच आहे. भात घरापुरता होतो, थंडीत थोडी भाजी होते. तू गेलास तेव्हा मी नववीत होते. तुझं तेरावं झालं आणि काका आईसमोर येऊन म्हणाला, "वैनी, किल्ली द्या. नुसता उभा राहिला तर गंजंल." आईने देवाजवळ ठेवलेली किल्ली काढून दिली. तेव्हापासून टेम्पो काका चालवतो, आणि तू घालून दिलेली एक रीत त्याने कधी मोडली नाही. तेल सणाला बदलायचं. त्या रीतीपायीच यंदा इंजिन जाणार होतं. कसं, ते तुला सांगायला बसलेय.

त्या टेम्पोचा किलोमीटरचा काटा हललेला मी कधीच पाहिला नाही. खाडीचा वारा लोखंड खातो, काटाही त्यानेच खाल्ला, असं तू म्हणायचास. गॅरेजवाला मिस्त्री सांगायचा नवीन बसवून घे, तर तू म्हणायचास, "कशाला? भिंतीवर कॅलेंडर आहे ना." संक्रांत, शिमगा, नारळी पौर्णिमा आणि दसरा. गावातले लोक सणाला गाडी धुऊन हार घालतात. तू आदल्या दिवशी तेल बदलायचास आणि मग हार घालायचास. मला अजून दिसतं ते. तू बावखलाच्या तळ्याला वळसा घालून एक फेरी मारून येतोस, कारण तेल कोमट असलं की सगळं खाली उतरतं. मग टेम्पोखाली आडवा होतोस, नट सोडतोस, आणि मी घमेलं सरकवते. काळी जाड धार पडायला लागते. "नीट धर गो, एक थेंब खाली नाय पडला पायजे," तू खालून ओरडतोस, "खाली आपली जमीन आहे." एकदा काकाने ते जुनं तेल कुंपणापलीकडच्या चरात ओतायला उचललं, तर तू त्याला सगळ्यांसमोर असा झापलास की तो दोन दिवस आपल्याकडे जेवायला आला नाही. जुनं तेल डब्यात भरून मिस्त्रीकडे जायचं, तो ते गोळा करणाऱ्याला द्यायचा. त्या वेळी मला वाटायचं, हा जगातल्या सगळ्या टेम्पोंचा नियम असणार. पुढे कळलं, रस्तोरस्ती लोक गटारात ओततात.

नव्या तेलाचा डबा आणायला आपण सकाळच्या बसने आगाशीच्या बाजारात जायचो. डबा घेतला की तू मला शेजारच्या दुकानात न्यायचास आणि एक पेन घेऊन द्यायचास. "त्याला तेल, तुला पेन. दोघांनी चालायला पायजे." तू स्वतः सहीपुरतं लिहायचास. पण पेन निवडताना कागदावर रेघ ओढून बघायचास, शाई कशी उतरते ते, अगदी इंजिनात बुडवून काढलेल्या पट्टीवरचं तेल बघितल्यासारखं.

मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये एकदा एका पेट्रोल गाडीची तेल बघायची पट्टी मी पाहिली होती. तिच्यावर मधासारखं पिवळं तेल होतं. आपलं मात्र बदलून आठवडा झाला नव्हता तरी काळंभोर. मी घाबरले. घरी येऊन तुला विचारलं, "आपला टेम्पो आजारी आहे का?" तू भात कालवत होतास. हात तसाच ठेवून समजावलंस: "डिझेल काजळी करतं, आपल्या चुलीसारखं. तेल ती काजळी धरून ठेवतं, इंजिनाला चिकटू देत नाय, म्हनून काळं होतं. काळं झालं म्हंजे काम करतंय. आनि पेट्रोलवाल्याचं पिवळं दिसतं म्हनून ते ताजं असंही नाय. दोघांना आपापल्या वेळेला बदलायला लागतं. रंगावर कधी जायचं नाय." तेवढ्यात आई आतून म्हणाली, "हो का? मग माझ्या लग्नाच्या वेळेला तुमच्या घरातल्या बायका मला उन्हात उभं करून रंग का बघून गेल्या?" तू म्हणालास, "त्या आल्या होत्या. मी कुठं आलो होतो?" आईने तुझ्या ताटात आणखी एक बोंबील वाढला. मी दोघांकडे बघत राहिले. तेलाचं मला तेव्हा अर्धंच कळलं होतं, पण तुम्ही दोघं एकमेकांचे आहात हे पुरतं कळलं.

बाबा, मी बी.कॉम. झाले. आपल्या घरात पहिली. वालीवच्या एका कंपनीत मी गाड्यांचं वेळापत्रक बघते: कुठली गाडी कुठे जाणार, कधी परत येणार, कधी सर्व्हिसिंगला जाणार. मुलाखतीत विचारलं होतं, "मॅडम, गाड्यांमधलं तुम्हाला काय कळतं?" मी म्हटलं, "डिझेलचं तेल काळं झालं की घाबरायचं नाही, आणि पेट्रोलचं पिवळं राहिलं की निर्धास्त व्हायचं नाही." ते हसले, पण नोकरी दिली. आमच्याकडे माल नेणाऱ्या डिझेल गाड्या आहेत आणि साहेब लोकांच्या पेट्रोलच्या. प्रत्येक गाडीबरोबर कंपनीची पुस्तिका येते, तीत तिचा तिचा हिशोब असतो. नव्या पेट्रोल गाड्यांना बहुतेक दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. डिझेलमध्ये काहींना तेवढंच चालतं, जुन्यांना आणि ओझं वाहणाऱ्यांना पुष्कळ आधी लागतं. आणि पुस्तिकेत मागे बारीक अक्षरात एक गोष्ट असते जी कुणी वाचत नाही: धूळ, जवळजवळच्या फेऱ्या, रखडत चालणं, उभ्या जागी इंजिन चालू ठेवणं, असा त्रास असेल तर त्याही आधी. मी ती वाचते. ड्रायव्हर लोक मला पाठीमागे "जे आधी" म्हणतात, असं मला शिपायाने सांगितलं. मला राग आला नाही. एका साहेबांची गाडी वर्षभर बहुतेक उभीच होती. ते म्हणाले, "चाललीच नाही, तर तेल खराब कसं होईल?" मी म्हटलं, "सर, उभ्या गाडीतसुद्धा दमट हवा शिरते, तेल जुनं होतं. वर्ष झालंय." त्यांनी कुरकुर केली, पण किल्ली दिली. मला मनापासून वाटतं बाबा, की जे आपल्यासाठी राबतं, मग ते माणूस असो की यंत्र, ते मोडायच्या आधी त्याच्याकडे बघणं हे कुणाचं तरी कामच असलं पाहिजे. ते काम माझ्याकडे आलंय याचा मला अभिमान वाटतो.

एके दिवशी असंच वेळापत्रक मांडताना मला तुझे सण आठवले. सणाला तेल बदलणं मला आजवर नुसती भक्ती वाटायची. तारखा समोर ठेवून पाहिलं तर शिमग्यापासून नारळी पौर्णिमेपर्यंत भलं लांब अंतर, पण त्यात पावसाचे महिने. भाजी कमी, टेम्पो निम्मा वेळ उभा. नारळी पौर्णिमा झाली की होड्या समुद्रात जातात, राजोडीच्या किनाऱ्यापर्यंत माशांसाठी बर्फ न्यायचा, मग गणपती, मग नवरात्रीची फुलं. दोनच महिने, पण टेम्पोला श्वास घ्यायला फुरसत नाही, म्हणून लगेच दसऱ्याला तेल. दसऱ्यानंतर थंडीची भाजी, मग संक्रांत. तुझ्याकडे चालणारा काटा नव्हता, तर तू टेम्पोचं काम मोजलंस आणि लक्षात राहावं म्हणून ते सणांना बांधून ठेवलंस. ऑफिसात बसल्या बसल्या मला इतका आनंद झाला की पाणी प्यायच्या निमित्ताने उठून बाहेर गेले.

पण टेम्पोचं काम बदललं होतं. भाजी आता थोडीच राहिली आहे. गेल्या उन्हाळ्यापासून काका नालासोपाऱ्याच्या टॉवरांमध्ये पिण्याच्या पाण्याचे जार पोचवतो. एका गेटपासून दुसऱ्या गेटपर्यंत जायचं, उभं राहायचं, जार चढवायचे, रिकामे उतरवायचे. स्टार्टर रुसलेला, म्हणून काका इंजिन बंदच करायचा नाही. सकाळपासून दुपारपर्यंत टेम्पो उभ्या उभ्या धडधडायचा. अंतर मोजलं तर काहीच नाही, पण इंजिन चालतच असतं. आणि यंदा त्यात अधिक महिना आला, तोही ऐन उन्हाळ्यात. शिमगा होऊन गेलेला, आणि नारळी पौर्णिमा आणखी एक महिना पुढे सरकलेली.

एका रविवारी मी काकाबरोबर आगाशीला निघाले होते, तर वळणावर स्टिअरिंगपुढचा लाल दिवा लुकलुकला.

"काका, हा तेलाचा दिवा कधीपासून?"

"तो? तो उगाच डोळा मारतो. वळनावर नि गेटवर."

"डोळा मारत नाही तो. बोलावतोय. गाडी फिरव."

अंगणात सपाटीला लावून, इंजिन जरा निवू देऊन मी पट्टी ओढली. तेल खालच्या खुणेच्याही खाली होतं, आणि त्याला तळणाचा जळका वास येत होता. काका म्हणाला, "परवाच वरून टाकलंय थोडं." मी म्हटलं, "शिळ्या आमटीत पाणी घातलं तर ती ताजी होते का? हे बदलायला हवं. आजच." काकाने आईकडे बघितलं. आई ओटीवर बसून तांदूळ निवडत होती.

"आता?" ती म्हणाली. "धोंड्याचा महिना चालू आहे. मलमासात काय शुभ करत नाय. नारळी पुनवेला करू, दर वर्षी करतो तसं."

"आई, तेल बदलणं म्हणजे काय बारसं आहे?"

"पूजेचं काम आहे. तुझ्या बापानं सनाशिवाय कधी नट सोडला नाय."

"वडे तळलेलं तेल तू किती दिवस ठेवतेस? आणि रोज तळत असलीस तर? तसंच आहे हे."

"ते मी वास आला की टाकते, पुस्तक बघून नाय."

"मग घे, वास घे याचा!" मी पट्टी तिच्यापुढे धरली. तिने तोंड फिरवलं.

काकाने पट्टी माझ्या हातातून घेतली, पुसली आणि जागेवर बसवली. "तुझ्या हापिसातल्या गाड्या तुझं ऐकतील गो. त्यांना बाप नाय," तो म्हणाला. मग, जरा मऊ आवाजात, "वैनी हो म्हनाली तर उद्या मिस्त्रीकडं नेतो, स्टार्टरपन बघंल तो."

आई हो म्हणाली नाही. मला त्या दिवशी फार राग आला. वाटलं, एवढं शिकून काय उपयोग, घरातला एक नट मला सोडवता येत नाही. पण रागाच्या खाली काय आहे तेही कळत होतं. तुझे कपडे देऊन झाले. तुझी खाट मोडली. तुझा आवाज असलेला फोन पाण्यात पडला. सणाला त्या टेम्पोखाली आडवं होणं, एवढंच तुझं असं आमच्याकडे उरलं होतं, आणि मी आईला सांगत होते की ते चुकीच्या दिवशी होतंय. दोन दिवस काका तसाच जार घेऊन फिरला. घरातून निघताना मी रोज त्याला सांगायचे, निदान गेटवर इंजिन बंद कर, ढकलून चालू कर. ऑफिसात फोन वाजला की वाटायचं, बंद पडला.

तिसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तर आई अनारसे तळत होती. काकाची मुलगी गेल्या वर्षी लग्न होऊन गेली, तिच्या नवऱ्याला रविवारी धोंड्याचं वाण द्यायचं होतं. घरभर गुळाचा आणि खसखशीचा वास. मी दारात चप्पल काढत होते, आणि त्या वासाबरोबर मला एक पेन आठवलं. हिरव्या टोपणाचं. ते कुठल्याच सणाचं नव्हतं. मी पाचवीत होते, शाळेतल्या मैत्रिणीला सांगितलं होतं की आमच्याकडे यंदा एक तेल जास्त आलं, म्हणून मला एक पेन जास्त मिळालं. आणि मग सगळंच आठवलं. तू डबा घेऊन अंगणात उभा आहेस आणि शेजारच्यांना सांगतो आहेस, "धोंड्यात जावयाला वाण द्यायचं असतं. माझी पोर लहान आहे, तवर हाच माझा जावई. याला तेल." काका तेव्हा हसून हसून ओटीवर बसला होता.

मी स्वयंपाकघरात जाऊन म्हटलं, "आई, धोंड्याच्या महिन्यात बाबा टेम्पोला काय द्यायचा?"

आईचा झारा कढईवर थांबला. "जावई म्हनायचा त्याला," ती हळूच म्हणाली. मग हसली. "माझ्याकडून अनारसा मागून घेतला होता. ठेवला सीटवर. दुसऱ्या दिवशी एवढ्या मुंग्या झाल्या, स्वतःच बसला त्यांच्यावर. बाजारात पोचेपर्यंत नुसता उड्या मारत गाडी चालवली." झाऱ्यातला अनारसा निथळून तिने ताटात ठेवला. त्यानंतर तिने गॅस बारीक केला, खिडकीशी गेली आणि पलीकडच्या अंगणात हाक मारली, "भावजी! उद्या गाडी मिस्त्रीकडं न्या. जावयाचं वाण राहिलंय."

काका खिडकीशी आला. त्याला समजायला थोडा वेळ लागला. "आयला," तो म्हणाला, "दादा करायचा की खरंच. मीच हसलो होतो त्याला." तू गेल्यावरही धोंड्याचे महिने आले होते, पण तेव्हा टेम्पोला काम बेताचं होतं. कुणाला त्या तेलाची उणीव भासली नाही, आणि आम्ही ते विसरलो.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी सुट्टी टाकली. मिस्त्रीने नट सोडला तर धार पडलीच नाही, आधी डांबरासारखे गोळे आले. त्याने चिमटीत घेऊन चोळून बघितलं. तेलाची गाळणी बाहेर काढली तर ती पार चोंदलेली. "अजून थोडे दिवस असाच फिरवला असता ना शेठ, तर इंजिन खोलायलाच आनला असता तुम्ही," तो काकाला म्हणाला. काकाने चोंदलेली गाळणी हातात घेऊन उलटीसुलटी बघितली. नवी गाळणी बसली, नवं तेल गेलं, स्टार्टरही दुरुस्त झाला. काकाने किल्ली फिरवली. लाल दिवा लागला आणि लगेच विझला. काकाने इंजिन बंद केलं, पुन्हा चालू केलं, दिवा पुन्हा विझला. असं त्याने इतक्या वेळा केलं की मिस्त्री म्हणाला, "आता बॅटरी उतरवता काय?" मी टेम्पोच्या दाराला धरून उभी होते. खरं सांगते बाबा, त्या क्षणी तुझी जेवढी आठवण आली तेवढी तुझ्या वर्षश्राद्धालाही येत नाही. तुझ्या एका थट्टेने काकाचं काम वाचवलं. तू गंभीरपणे नियम सांगून गेला असतास, तर कदाचित आम्हाला तो कधी आठवला नसता.

आता नवी पद्धत ठरली आहे. मी काकाला समोर बसवून सांगितलं की जारचं काम आहे तोवर तेल टेम्पोच्या श्रमावर बदलायचं, साधारण दर तीन महिन्यांनी, सण असो नसो. दर रविवारी पट्टी बघायची. गेटवर इंजिन बंद करायचं. काकाने मान डोलावली. आईने विचारलं, "मग सनाला काय करायचं?" मी म्हटलं, "हार घाल, नारळ फोड, गोड कर. तेल मात्र त्याच्या वेळेला." ती म्हणाली, "बरं बाई, शिकलेली आहेस," आणि तिच्या बोलण्यात टोमणा किती आणि कौतुक किती ते मला अजून ठरवता आलेलं नाही. काका शेजाऱ्यांना सांगत सुटलाय की पोरगीने सनांची कटकट संपवली.

पण बाबा, काल काकाने विचारलं, पुढचं तेल नक्की कुठल्या दिवशी? मी मोजलं. तीन महिने नारळी पौर्णिमेनंतर चार दिवसांनी भरतात. मी त्याला पौर्णिमेचा आदला दिवस सांगितला. का, म्हणाला, तर म्हटलं, त्या आठवड्यात मिस्त्रीकडे गर्दी नसते. सणाच्या तोंडावर त्याच्याकडे उभं राहायला जागा नसते, हे काकाला माहीत आहे आणि मलाही. त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाला खूण केली. थोडं आधी बदललेल्या तेलाने इंजिनाचं काही बिघडत नाही, पुस्तिकाही तेच म्हणते. हे पत्र मी आईला वाचून दाखवणार होते. आता नाही दाखवणार, नाहीतर तिला कळेल की तेल मी पुन्हा सणालाच बांधलं.